तळे हिरवे पडले, तर अर्ज कोणाकडे आणि कशाचा करावा

मे महिन्याच्या अखेरीस तळ्याच्या काठाला पोपटी रंगाचा दाट तवंग साचू लागला आणि पहाटे मासे पाण्यावर तोंड काढू लागले, की गावात दोन मते पडतात. पाऊस झाला की सगळे धुऊन जाईल, असे एक मत असते; पंचायतीने जेसीबी लावून शेवाळ आणि जलपर्णी काढून टाकावी, असे दुसरे. पहिल्याने काहीच होत नाही आणि दुसऱ्याने बिल तेवढे निघते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात ज्यांना आपले तळे राखायचे आहे, त्यांनी शेवाळाविरुद्ध नव्हे, तर शेवाळाला मिळणाऱ्या खुराकाविरुद्ध उभे राहावे, यासाठी हे टिपण आहे.

हा खुराक म्हणजे मुख्यतः फॉस्फरस आणि त्याच्या जोडीला नायट्रोजन. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात 1973 साली शास्त्रज्ञांनी एका तळ्याच्या मध्यभागी पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन सोडला, दुसऱ्यात त्यांच्याबरोबर फॉस्फरसही सोडला. फॉस्फरसचा भाग हिरवा झाला, दुसरा स्वच्छ राहिला. आपल्याकडचा हिशेब याहून सोपा आहे. डीएपी खताच्या 50 किलोंच्या एका पोत्यात सुमारे 10 किलो फॉस्फरस असतो. लिटरमागे 0.035 मिलिग्रॅमच्या वर फॉस्फरस गेला, की ते पाणी अतिपोषित, म्हणजे शेवाळाला गरजेपेक्षा जास्त खुराक असलेले, धरतात. म्हणजे एका पोत्यातला फॉस्फरस सगळाच्या सगळा पाण्यात उतरला, तर पंचवीस एकरांचे, नऊ-दहा फूट खोल तळे बिघडवायला तो पुरेसा आहे. शेतातून एवढा एकदम वाहून जात नाही हे खरे. पण गटार, गोठा, उकिरडा, गळकी सेप्टिक टाकी आणि साबणाचे पाणी यांची त्यात भर पडते. निर्माल्य डोळ्यांना दिसते म्हणून त्यावर प्रत्येक सभेत भाषण होते. बारा महिने वाहणाऱ्या गटाराबद्दल मात्र कोणी बोलत नाही, कारण त्या गटारावर बहुधा बोलणाऱ्याचेही घर असते.

म्हणून पहिले काम अर्ज लिहिण्याचे नाही, चालण्याचे आहे. मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडत असताना चार-पाच जणांनी छत्र्या घेऊन तळ्याला पूर्ण फेरी मारावी आणि पाणी कुठून कुठून आत येते, ते गावनकाशावर सर्व्हे नंबरासह नोंदवावे. प्रत्येक तोंडाचा तारीख दिसेल असा फोटो घ्यावा. पाऊस उघडल्यावर आठ दिवसांनी तीच फेरी पुन्हा मारावी. जे तोंड तेव्हाही वाहत असते, ते पावसाचे नसून सांडपाण्याचे असण्याचा संभव मोठा असतो, आणि आपल्या मागणीत त्याचा क्रमांक पहिला लागतो.

दुसरे काम पाणी किती नितळ आहे ते मोजण्याचे. त्यासाठी वीस सेंटिमीटर व्यासाचे स्टीलचे झाकण घ्यावे, त्याचे चार भाग करून आलटून पालटून काळा आणि पांढरा ऑइलपेंट लावावा, मध्ये भोक पाडून खाली दगड बांधावा आणि वर दर दहा सेंटिमीटरला गाठ मारलेली दोरी ओवावी. दर पंधरवड्याला त्याच ठिकाणी, दुपारच्या उन्हात, होडीतून किंवा सांडव्याच्या भिंतीवरून ते पाण्यात सोडावे आणि दिसेनासे होते ती खोली वहीत लिहावी; झाकण जितक्या लवकर दिसेनासे होते, तितके पाणी गढूळ. आमच्या तळ्यावर जूनमध्ये पाचवी गाठ बुडायच्या आतच झाकण दिसेनासे झाले, तेव्हा आजवर शेवाळाला नैसर्गिक म्हणणारे एक अण्णा स्वतः दोरी धरून पुन्हा मोजायला बसले. फॉस्फरस, नायट्रेट आणि विरघळलेला ऑक्सिजन यांची तपासणी मात्र प्रयोगशाळेतूनच करून घ्यावी. अभियांत्रिकी महाविद्यालयातील स्थापत्य विभागाला विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून ती सुचवता येते. ऑक्सिजन सूर्योदयापूर्वी सर्वांत कमी असतो, म्हणून त्याचे मोजमाप पहाटे करावे. तळे पिण्याच्या पाण्याचे असेल तर घाई करावी, कारण निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जातींचे विष पाणी उकळूनही जात नाही आणि अशा पाण्याने जनावरे दगावतात.

त्यानंतर तळे कोणाच्या ताब्यात आहे, ते शोधावे. आमचा पहिला अर्ज तीन महिने भलत्याच टेबलावर पडून राहिला, कारण एवढा एक प्रश्न आम्ही कोणाला विचारलाच नव्हता. कर्नाटकात सर्वसाधारणपणे 40 हेक्टरांपर्यंत लाभक्षेत्र (तळ्याच्या पाण्यावर भिजणारी जमीन) असलेली तळी पंचायत राज व्यवस्थेकडे आणि त्याहून मोठी, 2000 हेक्टरांपर्यंतची, लघु पाटबंधारे खात्याकडे असतात. शहरातल्या तळ्याबाबत आधी महापालिकेत किंवा नगरपालिकेत चौकशी करावी. उताऱ्यावर काय नोंद आहे ते पाहावे आणि शंका राहिलीच तर माहितीच्या अधिकारात विचारावे. कर्नाटकच्या नियमांप्रमाणे हा अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क 10 रुपये असते आणि उत्तराची मुदत 30 दिवसांची असते. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, हे अर्जात नम्रपणे लिहून ठेवलेले बरे.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे येतोच. संविधानाच्या 350 व्या अनुच्छेदानुसार राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, त्यामुळे मराठीतला अर्ज नाकारता येत नाही. तरीही माझा सल्ला असा, की मराठी अर्जासोबत कानडी प्रत स्वतःहून जोडावी. हक्क सोडा असे मी म्हणत नाही. पण तळ्याचा अर्ज सीमाप्रश्नाच्या फायलीत गेला तर गटार तसेच वाहत राहते, आणि त्याचे पाणी मराठी-कानडी पाहत नाही. पोच घेतल्याशिवाय मात्र कार्यालयातून उठू नये.

ग्रामसभेत हा विषय तोंडी मांडून भागत नाही. आठ दिवस आधी पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) लेखी विषय द्यावा, नकाशा आणि वही सभेत सर्वांसमोर ठेवावी आणि ठराव इतिवृत्तात शब्दशः आला आहे, हे सही होण्यापूर्वी वाचून घ्यावे. सभेला मासेमारीचा ठेका घेणारे, तळ्यावर धुणे धुणाऱ्या बायका, स्वसहाय्य गट आणि गणेशोत्सव मंडळाची पोरे आलीच पाहिजेत. चार निवृत्त शिक्षकांनी केलेला ठराव कोणी मनावर घेत नाही.

ठरावात काय मागावे, यावर सगळे अवलंबून आहे. तळ्याचा विकास करा असे लिहिले, की पेव्हर ब्लॉक, रंगीत दिवे आणि बाकडी येतात, आणि गटार त्या बाकड्यांखालून पाइपातून तळ्यात जाते. मागणी नेमकी हवी: नकाशावरील अमुक क्रमांकाचे तोंड बंद करून ते सांडपाणी तळ्याच्या खालच्या अंगाला न्यावे आणि प्रक्रिया करूनच सोडावे; काठाच्या गोठ्यांसाठी शेणखताचे खड्डे बांधून द्यावेत; पाणी आत येते तिथे गवताचा रुंद पट्टा राखावा. गाळ काढण्याची मागणी त्यानंतरची.

शेतकऱ्याला मात्र आरोपी करू नये. भात, बटाटा, रताळी किंवा ऊस घेणाऱ्या माणसाचे खत वाहून जाते तेव्हा त्याचेच पैसे वाहून जातात, आणि बोलणे तिथूनच सुरू करावे. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रातून माती परीक्षण करून घेणे, डीएपी वर न फेकता पेरणीबरोबर मातीआड करणे, ढग दाटून आले असताना युरिया न टाकणे आणि तळ्याकडचा बांध न फोडणे, एवढ्या चार गोष्टी मागितल्या तरी पुष्कळ झाले.

यातून काही हलले नाही, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे 1974 च्या जल कायद्याखाली तक्रार करावी आणि तिची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी. पर्यावरणाचे दावे चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाचे कर्नाटकासाठीचे खंडपीठ चेन्नईला आहे. लवादाच्या कायद्यातील कलम 14 खालील अर्जाला वादाचे कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते, म्हणून वहीतल्या तारखा जपाव्यात आणि वकिलाकडे लवकर जावे.

गटार वळवल्यावरही पहिल्या वर्षी पाणी निवळेलच असे नाही, कारण तळाच्या गाळात साठलेला फॉस्फरस ऑक्सिजन संपला की पुन्हा वर येतो. अमेरिकेतील सिॲटलच्या लेक वॉशिंग्टनचे सांडपाणी वळवण्याचे काम 1963 ते 1968 असे पाच वर्षे चालले होते, आणि त्याआधी 1958 मध्ये लोकांना त्यासाठी दोनदा मतदान करावे लागले होते. तेव्हा झाकण, दोरी आणि वही कोणा एकाच्या घरी न ठेवता शाळेत ठेवावी आणि पंधरवड्याची पाळी लावून द्यावी.