पावसात झाड पडू नये म्हणून उन्हाळ्यात या चुका टाळा

जुलैत झाड कोसळलं की सगळे वाऱ्याला दोष देतात. मी आधी विचारतो, इथे मे महिन्यात कुणी खणलं होतं का?

शेजारच्या सोसायटीने ड्रेनेजसाठी गुलमोहरापासून जेमतेम 2 फुटांवर चर खणला. मनगटाएवढी मुळं कुऱ्हाडीने तोडली, माती लोटली, वर पेव्हर ब्लॉक बसवले. सांगायला गेलो तर म्हणाले, "झाड हिरवंगार आहे की!" होतंच. मुळं तुटल्याचं पानांवर लगेच दिसत नाही. जुलैत चार दिवस झड लागली आणि पाचव्या पहाटे झाड चराच्या विरुद्ध बाजूला मुळासकट आडवं झालं. खाली दोन स्कूटर. तुटक्या मुळांची टोकं कुजून काळी पडली होती.

कोरडी माती मुळांना घट्ट धरते, भिजून चिखल झाली की पकड ढिली होते. वरून ओल्या पानांचा भार. गुलमोहराची मुळं तर आधीच उथळ, पसरट. म्हणून खोडाच्या जाडीच्या दहापट अंतराच्या आत मी कुदळ लावू देत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं 1 मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. मोठ्या झाडाला तेवढंही मला कमीच वाटतं.

दुसरी चूक घाईची. लवकर सावली हवी म्हणून छोट्या पिशवीतलं 8 फुटी रोप आणतात. आत मुळं गोल गोल गुंडाळलेली असतात. तसंच लावलं तर ती पुढेही वळशातच जाड होतात आणि झाडाला आधार मिळत नाही. मी कमरेएवढंच रोप घेतो, पिशवी पूर्ण काढतो, गुंडाळलेली मुळं ब्लेडने कापून मोकळी करतो. नंतर रोज तांब्याभर पाणी घालायचं नाही, मुळं वरच्या ओलीतच राहतात. दुसऱ्या उन्हाळ्यापासून आठ-दहा दिवसांनी, पण भरपूर.

काळ्या मातीत उन्हाळ्यातलं आळं पावसाळ्यात तसंच ठेवू नका, पाणी तुंबून मुळांना हवा मिळत नाही.

बुंध्यावर मातीची भर घालू नका.

एकाच बाजूच्या फांद्या छाटू नका, तोल जातो.

पहिल्या मोठ्या पावसानंतर मी बुंध्याभोवती फिरून माती बघतो. एका बाजूला भेग दिसली आणि वाऱ्यासरशी ती उघडमीट करत असेल, तर लगेच खालच्या गाड्या हलवायला लावतो आणि त्याच दिवशी महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवतो.