४३ फूट म्हणजे आपल्या दारात किती? पुराचा मेसेज गावात नीट कसा पोचवायचा

आमचं गाव करवीर तालुक्यात. नदीच्या अगदी कडेला नाही पण लांबही नाही, म्हणजे पंचगंगा पात्राबाहेर पडली की पाणी पहिलं उसात शिरतं आणि मग ओढ्यातनं मागच्या बाजूनं गल्लीत येतं. २०१९ च्या ऑगस्टात घरातल्या चार फोनवर एकच मेसेज आला, राजाराम बंधारा ४३ फूट, धोका पातळी. (राजाराम म्हणजे कोल्हापूरजवळचा पंचगंगेवरचा बंधारा, नदीची पातळी तिथं मोजतात.) आज्जीला वाचून दाखवला तर ती म्हणाली, "त्रेचाळीस म्हंजे कुठवर रं? मारुतीच्या पायरीला लागलंय का?" चौघांपैकी एकालाही सांगता येईना.

म्हणून पहिलं काम ॲप डाउनलोड करायचं नाही, वही घ्यायची. राजारामची इशारा पातळी ३९ आणि धोका पातळी ४३ हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही पाठ असतं, पण ३९ ला आपल्या गावात कुठला रस्ता बुडतो, ४१ ला ओढ्याचा पूल जातो का, ४३ ला कुठल्या घराच्या उंबऱ्याला पाणी लागतं हे फक्त गावातल्यांनाच माहीत असतं. २०१९ आणि २०२१ ला दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं, भिंतीवर खुणा अजून आहेत. म्हाताऱ्या माणसांना घेऊन गल्लीभर फिरा, खुणा बघा, लाइटच्या खांबावर ऑइल पेंटनं रेघा मारा आणि ही यादी फोटो काढून ग्रुपवर पिन करून ठेवा. सांगलीकरांनी हेच कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर धरायचं, तिथं ४० इशारा आणि ४५ धोका.

आता माहिती कुठनं घ्यायची. जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाचा रिपोर्ट पावसाळ्यात रोज येतो, त्यात पातळी, धरणांचा विसर्ग, किती बंधारे पाण्याखाली हे सगळं असतं. केंद्रीय जल आयोगाचं पुराची माहिती देणारं फ्लडवॉच नावाचं ॲप २०२३ ला आलंय, तेही ठेवा. पण आमच्याकडं खरी नजर राधानगरी धरणावर, कारण तिथले सात दरवाजे स्वयंचलित, धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, कुणी बटण दाबत नाही आणि कुणाला विचारतही नाही. एका दरवाज्यातनं १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. दरवाजा किती वाजता उघडला आणि आपल्या पुलावर पाणी किती तासांनी चढलं हे दर वेळी वहीत लिहा. दोनतीन पावसाळ्यांत तुमचा स्वतःचा अंदाज तयार होतो. वर गगनबावड्याला धो धो पाऊस चालू असेल तर तेही पाणी त्यात धरून चाला. सांगलीकडं कोयना आणि वारणा धरणांचा विसर्ग बघायचा, आणि तिकडं फुगीचंही (खाली पाणी तुंबलं की मागं चढतं त्याचंही) गणित असतं, नुसतं वरून किती सोडलं एवढ्यावर जाऊ नका.

ग्रुपचं सांगतो. व्हॉट्सॲपला पुरासाठी वेगळा ग्रुप करा आणि सेटिंगमध्ये फक्त ॲडमिनलाच मेसेज टाकता येईल असं करा, नाहीतर ऐन पुरात कुणीतरी वाढदिवसाचा केक टाकतो आणि कामाचा मेसेज वर जातो. ब्रॉडकास्ट लिस्टच्या भानगडीत पडू नका, ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केला नाही त्याला तो मेसेज जातच नाही. ॲडमिन तिघं ठेवा, त्यातला एक गावाबाहेरचा. आमचा तिसरा पुण्यात नोकरीला असतो, इथलं नेट गेलं तर आम्ही त्याला साधा फोन करून आकडा सांगतो आणि तो टाकतो. मुंबई-पुण्याच्या पाव्हण्यांना पण सांगून ठेवायचं, चौकशी त्याच्याकडंच करा. नाहीतर "पाणी आलं काय?" एवढंच विचारायला दिवसात तीस फोन येतात आणि इथली बॅटरी संपते.

मेसेज कसा लिहायचा तर असा:

बुधवार, सकाळी ७. राजाराम ३९ फूट ३ इंच, चढतंय. राधानगरीचे २ दरवाजे उघडे. खालच्या गल्लीतली जनावरं आत्ता हलवा, शाळेकडचा रस्ता अजून चालू आहे. पुढचा मेसेज १० वाजता.

वार आणि वेळ पहिली. ह्याला कारण मीच आहे. २०२१ ला मी बंधाऱ्याचा एक फोटो आला तसा ढकलला, तो आदल्या दिवशीचा होता. चुलतभाऊ म्हणाला अजून दोन फूट आहे की, सकाळी बघू, आणि सकाळी दोन म्हशी कंबरभर पाण्यातनं ओढत काढल्या. त्यानं मला शिव्या घातल्या, त्या मी खाल्ल्या. तेव्हापासनं फोटो बंद, टाइप केलेला मजकूरच. पूर आला की २०१९ चे व्हिडिओ 'आत्ताच आलेला' म्हणून फिरतातच, त्यामुळं स्वतः बघितलेलं किंवा रिपोर्टमधलं सोडून काही टाकायचं नाही. आणि शेवटी जे 'पुढचा मेसेज १० वाजता' आहे ना, त्यानं लोक शांत बसतात. पण मग १० म्हणजे १० ला टाकायचा, काही नवीन नसलं तरी.

ज्यांना वाचायला येत नाही त्यांच्यासाठी हाच मजकूर बोलून व्हॉइस मेसेज टाका, अर्ध्या मिनिटाच्या आत, गावच्या भाषेत, आणि त्यात मारुतीची पायरी आलीच पाहिजे.

२०२३ च्या पावसाळ्यात सगळ्यांचे फोन एकदम कोकलले होते, आठवतंय? ती सरकारच्या सेल ब्रॉडकास्टची टेस्ट होती. टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनवर हा इशारा एकदम पडतो, त्याला नेट लागत नाही, तुमचा नंबर लागत नाही, लाइन बिझी असली तरी येतो. आमच्याकडं निम्म्या लोकांनी घाबरून तो बंदच करून टाकला. फोनच्या सेटिंगमध्ये अलर्ट असं शोधा, वायरलेस इमर्जन्सी अलर्ट सापडेल, तो चालू करा, आईबाबांच्या फोनवर पण बघा. सोबत सरकारचं आपत्तीचे इशारे देणारं सचेत ॲप घ्या. पण हा इशारा मोठ्या भागासाठी असतो, तो तुमची गल्ली ओळखत नाही, म्हणून वरची वही.

आता जे घर ग्रुपवर नाही त्याचं काय. आम्ही एकेका पोराला दहा-दहा घरं वाटून दिलीत, बटणाचा फोन असेल तिथं कॉल, फोनच नसेल तिथं चालत जायचं. ज्या घरात एकटं म्हातारं माणूस किंवा बाळंतीण आहे त्यांची नावं वर. देवळाचा भोंगा आहे, पण तो लाइटवर, आणि पाणी चढलं की लाइट बंद करतातच. म्हणून बॅटरीचा हातातला स्पीकर आणून ठेवलाय, निवडणुकीत वापरतात तसला. टॉवरचंही तसंच, लाइट गेली की बॅटरीवर थोडा वेळ चालतो, मग डिझेल लागतं, आणि रस्ता बुडाल्यावर डिझेल घेऊन येणार कोण? म्हणजे महत्त्वाचा मेसेज लाइट असतानाच जायला पाहिजे. जनावरांचा तर ३९ लाच. जनावरं दावणीला असली की माणूस घर सोडत नाही, हे २०१९ ला सगळ्यांनी बघितलंय.

अडकलातच तर फोन करायचा ११२ ला किंवा जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाच्या १०७७ ला. "शाळेच्या मागं" असं सांगून बोटवाल्याला कळत नाही, सगळीकडं पाणीच असतं. गुगल मॅपवर आपल्या जागेवर बोट दाबून धरलं की दोन आकडे दिसतात, ते कागदावर लिहून आधीच दाराच्या आत चिकटवा, फोनवर वाचून दाखवता येतात, एसएमएसनं पण जातात. मॅप ऑफलाइन उतरवून ठेवा. पॉवर बँक भरून प्लास्टिकच्या पिशवीत, आणि फोन बॅटरी सेव्हरवर टाकून व्हिडिओ बघणं बंद.

पाणी उतरतानाही मेसेज चालू ठेवायचे, हे बरेच जण विसरतात. एक फूट उतरलं की लोक घरं बघायला परत येतात, आणि वर अजून पाऊस चालू असला तर पुन्हा अडकतात. आमच्यात ३९ च्या खाली जाऊन एक पूर्ण दिवस गेल्याशिवाय 'परत या' टाकत नाही. त्यात मीटर ओला असेल तर स्विचला हात लावू नका आणि जळणाच्या ढिगात हात घालू नका, साप असतात, एवढं लिहायचं. मग ग्रुप सगळ्यांना खुला करतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गुड मॉर्निंगची फुलं सुरू.