पंप काढून दाखवा

2013 च्या जूनमध्ये मी रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत मुलाखतीला गेले. आधी डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनिअरिंग, असा माझा रस्ता. सी भाषेची उजळणी करून गेले होते. पण समोरच्या सरांनी कोडबद्दल एक अक्षरही विचारलं नाही. एक कोरा कागद आणि पेन्सिल पुढे केली आणि म्हणाले, "तुमच्या सोसायटीत पाण्याचा पंप असेल ना? तो कसा चालतो ते काढून दाखवा."

कळव्याच्या आमच्या सोसायटीत खाली जमिनीत एक टाकी, गच्चीवर एक टाकी आणि मध्ये पंप. वॉचमन काका सकाळ-संध्याकाळ बटण दाबतात. मी कॉलेजात शिकले होते तसा फ्लोचार्ट काढला. वरची टाकी रिकामी आहे का? हो. पंप चालू. भरली का? हो. पंप बंद. दोन मिनिटांत काम झालं.

सर म्हणाले, "छान. आता पंप चालू असताना खालची टाकी आटली तर?"

मी एक चौकोन वाढवला.

"वीज गेली आणि दहा सेकंदांनी परत आली तर?" आणखी एक चौकोन. "वरच्या टाकीत पाण्याच्या लाटा उठतात, पातळी सांगणारा तरंगता फ्लोट स्विच वर-खाली हलतो. मोटर दर दोन सेकंदांनी चालू-बंद होऊ द्यायची का?"

तोवर माझ्या कागदावर बाणांची जाळी झाली होती आणि कुठला बाण कुठून निघाला हे मलाच कळत नव्हतं. नोकरी मिळाली ती मी "हे मला मांडता येत नाहीये, कसं मांडतात ते सांगाल का?" असं विचारलं म्हणून, असं सरांनी पुढे सांगितलं. कोड लिहिण्याआधी यंत्राचं वागणं चित्रात किंवा तक्त्यात मांडणं, म्हणजे मॉडेलिंग, हेच आता माझं काम. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या मुला-मुलींसाठी लिहायला बसले, तेव्हा पहिल्यांदा तोच कागद आठवला.

पहिल्या आठवड्यात सरांनी तोच पंप नव्या पद्धतीने मांडायला लावला. "काय करायचं" हे विसरा, पंप "कुठल्या अवस्थेत असू शकतो" एवढंच लिहा, म्हणाले. पाच अवस्था निघाल्या: थांबलेला, चालू, विश्रांती, कोरडी टाकी, बिघाड. विश्रांती अशासाठी की मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या सहा-सात पट प्रवाह खेचते. लागोपाठ सुरू केली तर वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारांची गुंडाळी, तापतं, म्हणून बंद झाल्यावर तिला थोडा वेळ द्यायचा. मग बाहेरून काय-काय घडू शकतं ते लिहिलं. वरची टाकी खाली गेली (म्हणजे तिच्यातली पातळी उतरली), वरची भरली, खालची आटली, खाली पाणी आलं, ओव्हरलोड रिले (मोटरवर जास्त भार आला की वीज तोडणारा) ट्रिप झाला, कोणी बटण दाबलं, विश्रांतीची वेळ संपली. अशा सात घटना झाल्या.

पाच अवस्था उभ्या, सात घटना आडव्या, म्हणजे पस्तीस रकाने. माझ्या मुलाखतीतल्या फ्लोचार्टवरून मला त्यातले जेमतेम आठ भरता आले. बाकीचे सत्तावीस कोरे. "काहीही करायचं नाही" हेसुद्धा उत्तर आहे, पण ते रकान्यात लिहावं लागतं. कोरा रकाना म्हणजे त्या प्रसंगाचा कोणी विचारच केलेला नाही. विश्रांती चालू असताना वॉचमन काकांनी बटण दाबलं तर? कोडमध्ये हा प्रश्न कुठेही दिसला नसता. कोडमध्ये जे लिहिलंय तेच दिसतं, जे राहून गेलंय ते दिसत नाही. तक्त्यात राहून गेलेलं आधी डोळ्यांत भरतं. मला मॉडेलिंग आवडायला लागलं ते त्या सत्तावीस रकान्यांमुळे.

तो तक्ता चित्रात मांडला की त्याला स्टेट मशीन म्हणतात. पण साध्या स्टेट मशीनला एक रोग आहे. बिघाड कुठल्याही अवस्थेत येऊ शकतो, म्हणून प्रत्येक चौकोनातून बिघाडाकडे एक बाण काढावा लागतो. अवस्था वीस झाल्या की चित्र वाचता येत नाही. यावरचा उपाय डेव्हिड हॅरल या इस्रायली संगणकशास्त्रज्ञाने काढला. 1980 च्या दशकात ते लावी या लढाऊ विमानाच्या इंजिनिअर मंडळींना सल्ला देत होते. त्या चर्चांमधून त्यांची स्टेटचार्ट ही चित्रभाषा घडली आणि 1987 मध्ये त्यांचा त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. युक्ती साधी आहे: अवस्थेच्या पोटात अवस्था घालायची. आमच्या पंपाच्या चार अवस्था एका मोठ्या "ठणठणीत" नावाच्या चौकोनात टाकल्या आणि त्या मोठ्या चौकोनाच्या कडेपासून बिघाडाकडे एकच बाण काढला. चार बाणांचं काम एकाने झालं. कागदावर हे स्वतःच्या हाताने करून पाहा, वाचून त्यातली मजा कळत नाही.

आता यूएमएल या सॉफ्टवेअरच्या चित्रभाषेबद्दल, कारण कॉलेजात मॉडेलिंग म्हटलं की तेच शिकवतात. 1990 च्या दशकात चित्रं काढायच्या अनेक पद्धती होत्या आणि प्रत्येकीची चिन्हं वेगळी. बूच, रम्बॉ आणि जेकबसन या तिघा सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी आपापल्या पद्धती एकत्र केल्या आणि नोव्हेंबर 1997 मध्ये सॉफ्टवेअरची मानकं ठरवणाऱ्या ओएमजी या संस्थेने यूएमएलला मानक म्हणून मान्यता दिली. यूएमएल 2 मध्ये चौदा प्रकारच्या आकृत्या आहेत. परीक्षेसाठी सगळ्या पाठ करा, पण कामाला लागल्यावर तीनच नीट येऊ द्यात: स्टेट मशीन, सिक्वेन्स (कोण कोणाला कुठल्या क्रमाने काय सांगतं) आणि क्लास (प्रोग्रॅमचे भाग आणि त्यांची नाती). त्यातही क्लास डायग्रॅमचा हात आखडता ठेवा. आख्ख्या प्रोजेक्टचे शंभर-सव्वाशे चौकोन एका ए-थ्री कागदावर छापून भिंतीला लावलेले मी पाहिलेत. महिन्याभरात कोड पुढे जातो, कागद भिंतीवरच राहतो, आणि नवीन आलेला मुलगा तो खरा मानून फसतो.

तुम्ही आयटीआय किंवा डिप्लोमा करून पीएलसीवर, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकावर, लॅडर काढलं असेल, तर तुम्ही आधीपासूनच चित्राच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिताय. पीएलसीच्या भाषांच्या आयईसी 61131-3 या मानकात लॅडर, फंक्शन ब्लॉक आणि सिक्वेन्शियल फंक्शन चार्ट या तिन्ही चित्रभाषा आहेत. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या कारखान्यांत ही कौशल्यं रोज लागतात. "मला फक्त लॅडर येतं" असं खाली मान घालून सांगणाऱ्या मुलांना मी नेहमी सांगते की सिक्वेन्शियल फंक्शन चार्ट आणि स्टेट मशीन ही जवळची भावंडं आहेत. एक येत असेल तर दुसरं शिकायला महिनाही लागत नाही.

पुढची पायरी म्हणजे मॉडेलवरूनच कोड तयार करणं. 2001 मध्ये ओएमजीने मॉडेल ड्रिव्हन आर्किटेक्चर ही कल्पना मांडली. आधी कुठल्याही यंत्राला बांधलेलं नाही असं मॉडेल करायचं, त्यावरून विशिष्ट यंत्रासाठीचं मॉडेल आणि त्यावरून कोड. साध्या वेबसाइट आणि ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये हे माझ्या पाहण्यात फारसं रुजलं नाही. तिथे रोज बदलणारे स्क्रीन आणि फॉर्म असतात, आणि त्यांचं मॉडेल करायला कोड लिहिण्याइतकीच मेहनत पडते. मोटारगाड्या, विमानं आणि यंत्रं चालवणारे कंट्रोलर यांच्यात मात्र ते पक्कं बसलंय. आम्ही ब्लॉक जोडून मॉडेल करायचं सिम्युलिंक हे सॉफ्टवेअर आणि त्यातलं स्टेट मशीनसाठीचं स्टेटफ्लो वापरतो. चित्रावरून सी कोड निघतो आणि तो कंट्रोलरवर जातो.

याचा मोठा फायदा असा की पंप नसतानाही पंप चालवून बघता येतो. आमच्या पहिल्या मॉडेलला मी टाक्यांच्या पातळीचा आख्खा दिवस दिला आणि लॅपटॉपवर दोन मिनिटांत चोवीस तास पाहिले. त्यात एक चूक सापडली, ती इथे सविस्तर सांगते, कारण नवख्यांकडून ती हमखास होते.

रात्री खालची टाकी आटली. पंप "कोरडी टाकी" अवस्थेत गेला, बरोबर. पहाटे लोकांनी पाणी वापरलं, वरची टाकी खाली गेली आणि "वरची टाकी खाली गेली" ही घटना आली. पण कोरड्या टाकीत पंप चालवायचा नसतो, म्हणून त्या रकान्यात आम्ही "काहीही करायचं नाही" लिहिलं होतं. तेही बरोबर. सकाळी पालिकेचं पाणी आलं, खालची टाकी भरली, पंप "थांबलेला" अवस्थेत आला. आणि तिथेच बसून राहिला. कारण त्या अवस्थेत तो "टाकी खाली गेली" या घटनेची वाट पाहत होता आणि ती घटना पहाटेच येऊन गेली होती. खाली टाकी तुडुंब, वर ठणठणाट, आणि एकेक रकाना वेगळा पाहिला तर सगळे बरोबर.

घटना येते आणि निघून जाते. अट टिकून राहते. "पातळी आत्ता खाली गेली" आणि "पातळी खाली आहे" या दोन वाक्यांतला हा फरक आम्ही चुकवला होता. बाणावर घटनेऐवजी अट घातली आणि पंप सुरळीत चालला. हीच चूक सोसायटीत पंप बसवल्यावर कळली असती तर आधी चाळीस घरांचा फोन आला असता.

आता माझ्या हातून झालेली चूक. एका शुक्रवारी संध्याकाळी पंपाचं कंट्रोल पॅनेल साइटवर जायचं होतं आणि विश्रांतीची वेळ साठ सेकंदांऐवजी एकशेवीस हवी होती. मॉडेल उघडून, बदलून, पुन्हा कोड काढायला अर्धा तास लागला असता. मी तयार झालेल्या सी फाइलमध्येच आकडा बदलला. चाललं. तीन आठवड्यांनी सहकाऱ्याने मॉडेलमध्ये नवा सेन्सर जोडला आणि कोड नव्याने काढला. माझे एकशेवीस पुसले गेले, साठ परत आले. साइटवर मोटर तापून रिले ट्रिप व्हायला लागला आणि आम्ही दोन दिवस नव्या सेन्सरमध्ये दोष शोधत राहिलो. तिसऱ्या दिवशी मला आठवलं, तेव्हा मी सरांना सांगितलं. ते रागावले नाहीत, पण तो सेन्सर ज्याने जोडला होता त्या सहकाऱ्याची दोन रात्रींची झोप गेली होती, आणि ते मला फार लागलं. तेव्हापासून तयार झालेल्या कोडला मी हात लावत नाही आणि कोणाला लावू देत नाही. बदल मॉडेलमध्येच करायचा. ज्या आकड्यांमध्ये साइटनुसार फरक पडतो, ते मॉडेलमध्ये पॅरामीटर म्हणून आधीच वेगळे काढून ठेवायचे. आणि गिटमध्ये, म्हणजे फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, मॉडेल हाच मूळ सोर्स मानायचा.

गिटवरून आठवलं. दोघांनी एकाच वेळी एकाच चित्रात बदल केले तर ते जुळवणं फार जिकिरीचं असतं. कोडच्या दोन ओळी शेजारी ठेवून वाचता येतात, चित्राची फाइल तशी वाचता येत नाही. आम्ही मॉडेलचे लहान तुकडे करतो आणि एक तुकडा एका वेळी एकाच माणसाकडे ठेवतो. नुसत्या डॉक्युमेंटसाठी चित्र हवं असेल तर प्लँटयूएमएल किंवा मर्मेड वापरा. त्यात साधा मजकूर लिहिला की चित्र तयार होतं, दोन्ही फुकट आहेत आणि गिटला ते छान मानवतं.

सिम्युलिंकचं लायसन्स महाग आहे. कॉलेजात असाल तर लॅबमध्ये विचारा, बऱ्याच कॉलेजांकडे ते असतं आणि मुलं विचारतच नाहीत. नसेल तर सायलॅब आणि त्यातलं एक्सकॉस फुकट मिळतं. ब्लॉक जोडून सिम्युलेशन कसं करतात हे शिकायला ते पुरतं. पवईच्या आयआयटीतला फॉसी हा उपक्रम सायलॅबचा प्रसार करतो, आणि तिथलंच स्पोकन ट्युटोरियल इंग्रजी जड जाणाऱ्यांसाठी मोठा आधार आहे, कारण त्यांचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहेत. आणि हे काहीही नसलं तरी तक्त्याला कागद-पेन्सिल पुरते.

मराठीचं सांगायचंच आहे. आमच्या चित्रातल्या अवस्थांची नावं इंग्रजीत होती. ठाण्यात वागळे इस्टेटजवळच्या एका सोसायटीत पॅनेल बसवायचं होतं, तेव्हा मी नावं मराठीत करून चित्राची प्रिंट तिथल्या इलेक्ट्रिशियन दादांना दिली. त्यांनी प्रोग्रॅमिंगची एक ओळ कधी पाहिली नव्हती. चहा संपेपर्यंत त्यांनी बोटाने एकेक बाण फिरवला आणि विचारलं, "ताई, तीनपैकी एक फेज गेला तर पंप कुठल्या चौकोनात जाणार?"

आमच्याकडे तो चौकोनच नव्हता. एक फेज गेला की थ्री-फेज मोटर उरलेल्या दोन फेजवर ओढत राहते आणि जळते. आम्ही ओव्हरलोड रिलेवर भिस्त ठेवली होती. दादांचं म्हणणं, रिले सुटेपर्यंत वेळ जातो आणि त्यांनी तशा जळालेल्या मोटरी स्वतः खोललेल्या आहेत. आम्ही सिंगल फेजिंग प्रिव्हेंटरचा (एक फेज गेला की ते ओळखणाऱ्या उपकरणाचा) सिग्नल आत घेतला आणि तक्त्यात आठवी घटना आली. रकाने चाळीस झाले. हेच मी त्यांना चारशे ओळींच्या सी कोडमध्ये दाखवलं असतं तर त्यांनी मान डोलावून कप खाली ठेवला असता. म्हणून नवीन मुलांना मी सांगते, चित्र अशा माणसाला दाखवा ज्याला कोड येत नाही पण यंत्र येतं. चित्रातल्या शब्दांना त्याच्या तोंडची नावं द्या.

सुरुवात करायची असेल तर तुमच्या बिल्डिंगची लिफ्ट घ्या. अवस्था लिहा: उभी, वर जाते, खाली येते, दार उघडं, अडकलेली. घटना आठ-दहा निघतील. तक्ता आखा आणि एकही रकाना कोरा ठेवू नका. दार बंद होत असताना कोणी पाय घातला तर काय, याचं उत्तर बहुतेकांना लगेच येतं. त्यानंतर दोन मजल्यांच्या मध्ये असताना वीज गेली आणि परत आली, तर लिफ्टला आपण कुठे आहोत हे कसं कळणार, तो रकाना भरा. तिथे पेन्सिल थांबली तर लिफ्टचा मेंटेनन्सवाला येईल त्या दिवशी खाली जाऊन त्याला विचारा आणि कागद सोबत घेऊन जा.