किल्ल्यांवर ब्लॉग लिहिताय? मग या चुका टाळा

सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर मराठीत मनापासून लिहिणारे पुष्कळ आहेत. भटकंती खरी, फोटो स्वतःचे, भाषाही चांगली. तरीही वाचक पान उघडतो, दोनदा बोट फिरवतो आणि निघून जातो. लेखन वाईट असतं म्हणून नाही. तो ज्या प्रश्नासाठी आला, त्याचं उत्तर त्याला वेळेत सापडत नाही म्हणून.

राजगडाचंच घ्या. शनिवारी निघायचं ठरलेला माणूस आदल्या रात्री मोबाइलवर काय शोधतो? गुंजवण्यातून चढायचं की पालीच्या बाजूने? सोबत आई असेल तर कुठली वाट बरी? रात्री वर राहता येतं का? आणि लेख सुरू होतो पहाटेच्या अलार्मपासून. मग उशिरा आलेला मित्र, नसरापूर फाट्यावरचा चहा, मार्गासनीपर्यंतचं धुकं. पाचव्या परिच्छेदात कुठे गड दिसतो. चहा-धुक्याला माझा विरोध नाही, त्यातच लिहिणाऱ्याचा स्वभाव दिसतो. पण आधी तीन-चार ओळींत कामाचं सांगून टाका: गुंजवण्याहून चोरदरवाजाची वाट उभी आहे, शेवटी रेलिंग धरून कातळ चढावा लागतो, पाली दरवाजाची वाट रुंद आणि पायऱ्यांची, वयस्करांना सोयीची, दोन्ही वाटांनी पोहोचता पद्मावती माचीवरच. एवढं मिळालं की वाचक निवांत होतो आणि तुमचं धुकंही आवडीने वाचतो.

मथळ्याचंही तेच. ‘सह्याद्रीच्या कुशीतली एक अविस्मरणीय सफर’ या नावाने कोणीही काही शोधत नाही. ‘राजगड: चोरदरवाजाची वाट कितपत अवघड?’ असं लिहिलंत तर ज्याला हवं आहे त्याला ते सापडेल. आपल्याकडे बरेच जण गडाचं नाव रोमन लिपीत टाइप करतात, म्हणून शोधात मथळ्याखाली दिसणाऱ्या वर्णनात किंवा लेखात एकदा ते स्पेलिंगही येऊ द्या. लेखाची लिंक मात्र छोटी आणि रोमन अक्षरांतच ठेवा. देवनागरी लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की अनेकदा तिची टक्केवारीच्या चिन्हांची माळ होते. नुसता ‘राजगड’ शब्द पंचेचाळीस चिन्हांचा होतो. अशी लिंक उघडायला लोक कचरतात.

इतिहास लिहिताना उचलेगिरी नको. रायगडाआधीची राजधानी, तीन माच्या, बालेकिल्ला हा मजकूर शब्दशः इतक्या ठिकाणी आहे की वाचक तो न वाचताच ओलांडतो. त्यापेक्षा संजीवनी माचीच्या दुहेरी तटबंदीतून तुम्ही स्वतः चाललात, तर आत अंग किती चोरावं लागतं, ते लिहा. ते दुसरीकडे मिळणार नाही.

आता दिसण्याबद्दल. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तसाच चिकटवला तर समोरच्याला अगम्य चिन्हं दिसतात, आणि गुगललाही त्यातून काही कळत नाही. लेख युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट वाचता येणाऱ्या टायपिंगमध्येच हवा. अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची सोय देवनागरीला लावू नका, शिरोरेखा तुटते. ओळींमध्ये मात्र मोकळीक द्या, कारण वरची वेलांटी आणि खालचा उकार इंग्रजीपेक्षा जास्त जागा मागतात. अक्षराच्या आकाराच्या पावणेदोनपट ओळ-अंतर मोबाइलवर छान वाचता येतं. मुक्ता किंवा बालू हे फॉन्ट मोफत मिळतात. आणि माहिती फोटोवर लिहून टाकू नका. दृष्टिहीन वाचकाला मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तिथे गप्प बसतं.

फोटोंची चूक सर्वात महागात पडते. कॅमेऱ्यातून निघालेला पाच-सहा एमबीचा फोटो तसाच चढवलेला असतो, असे पंधरा. तुमचा वाचक हे पान पायथ्याच्या गावात, रेंजची एक काडी असताना उघडतोय. रुंदी बाराशे पिक्सेलवर आणा आणि प्रत्येक फोटो शक्यतो दोनशे केबीच्या आत बसवा. फोटो निवडतानाही सूर्यास्त एकच पुरे. वाट जिथे फुटते, पाण्याचं टाकं जिथे आहे, कातळटप्पा कसा दिसतो, हे फोटो लोक जपून ठेवतात.

लेखाखालच्या प्रतिक्रियांत कोणी विचारलं, ‘पावसात जमेल का?’, तर उत्तर तिथेच देऊन थांबू नका, लेखात वर घ्या. तोच प्रश्न आणखी कितीतरी जणांच्या मनात असतो.

जुने लेख तसेच सोडून देणं ही शेवटची चूक. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि जिंजी तमिळनाडूतला. राजगड त्यात आहे, साल्हेर आहे, खांदेरीही आहे. या गडांवरचे तुमचे आधीचे लेख असतील तर ते आधी उघडा: रस्ता, राहण्याची सोय, पावसाळ्यातले निर्बंध पुन्हा तपासा आणि ‘माहिती अमुक महिन्यात तपासली’ अशी ओळ वरच्या बाजूला टाका. कुठल्या लेखापासून सुरुवात करायची ते सर्च कन्सोल, म्हणजे तुमचे लेख शोधात कसे दिसतात ते दाखवणारं गुगलचं साधन, सांगेल. जो लेख शोधात खूपदा दिसतो पण ज्यावर क्लिक कमी पडतात, त्याचा मथळा आणि पहिल्या चार ओळी आज बदला.