ब्राउझर अपडेटनंतर बिलातली नवी ओळ चालत नाही? या चुका टाळा

सोलापुरातल्या चाटी गल्लीतलं एखादं कापड दुकान घ्या. बिलाचं वेब पेज कधीतरी कुणाकडून करून घेतलेलं. ब्राउझर अपडेट झाला आणि दुसऱ्या दिवशी वेगळाच घोळ: पहिल्या ओळीत चादरींचे नग आणि दर टाकले की रक्कम येते, पण ‘ओळ जोडा’ दाबून टॉवेल घातले की रक्कम शून्यच. गिऱ्हाईक समोर उभं.

अशा वेळी जुना ब्राउझर शोधून बसवू नका. अपडेटमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात, आणि त्याच कॉम्प्युटरवर बँकेचं, जीएसटीचं काम चालतं. आधी पेज इनकॉग्निटो (खासगी) विंडोत उघडून पाहा. तिथे नीट चाललं तर दोष बहुतेक कॅशचा (ब्राउझरने साठवलेल्या जुन्या फाइलींचा) किंवा एखाद्या एक्स्टेन्शनचा (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामचा).

तिथेही रडगाणं तेच असेल तर कोड उघडा. कन्सोलमध्ये (ब्राउझर कोडच्या चुका दाखवतो त्या खिडकीत) लाल अक्षर नाही म्हणजे कोड ठीक, असं समजणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. जुन्या कोडमध्ये ‘डीओएमनोडइन्सर्टेड’ (DOMNodeInserted) हा इव्हेंट, म्हणजे पेजमध्ये नवं काही आल्याची ब्राउझरची सूचना, पकडून नव्या ओळीला हिशेब जोडायची पद्धत होती. पेजमधले बदल कळवणारे हे म्युटेशन इव्हेंट २०११ पासूनच बाद ठरवलेले होते. जुलै २०२४ मध्ये आलेल्या क्रोम १२७ पासून ते काढायला सुरुवात झाली. ब्राउझरला माहीत नसलेल्या इव्हेंटवर लिसनर (इव्हेंटची वाट पाहणारा कोड) लावला तरी कोड अडत नाही. लिसनर लागतो, इव्हेंट कधी येतच नाही, आणि कन्सोलमध्ये लाल अक्षर दिसेलच असं नाही. म्हणून कोडमध्ये ‘डीओएमनोड’ (DOMNode) आणि ‘डीओएमसबट्री’ (DOMSubtree) हे शब्द शोधा.

त्याजागी म्युटेशन ऑब्झर्व्हर (पेजमधल्या बदलांवर नजर ठेवणारी नवी सोय) वापरा असं सगळे सांगतात. माझ्या मते बिलाला त्याची गरज नाही. प्रत्येक ओळीला वेगळा लिसनर लावण्यापेक्षा टीबॉडीवर (tbody, टेबलातल्या मालाच्या ओळींचा भाग) ‘इनपुट’चा, म्हणजे रकान्यात टाइप केल्यावर येणाऱ्या इव्हेंटचा, एकच लिसनर लावा; पुढे कितीही ओळी आल्या तरी तो सगळ्यांना पुरतो. ओळी दुसऱ्याच स्क्रिप्टमधून येत असतील तरच ऑब्झर्व्हर घ्या. पण रकान्यात टाइप केलेला आकडा त्याला दिसत नाही, हे विसरू नका.

ओळ बेरजेच्या खाली जाऊन बसत असेल तर ‘इन्सर्टरो’ (insertRow, नवी ओळ घालणारी आज्ञा) टेबलवर चालवलेलं असणार. टेबलात टीफूट (tfoot, तळाचा बेरजेचा भाग) असलं की शेवटची ओळ त्यातली धरली जाते आणि नवी ओळ तिथेच घुसते. मग टीबॉडीवरच्या लिसनरलाही ती सापडत नाही. ‘इन्सर्टरो’ टीबॉडीवरच चालवा आणि त्यात उणे एक (म्हणजे ‘शेवटी जोडा’) लिहायला कंटाळू नका.

ओळीची नक्कल करून जोडत असाल तर आयडी (रकान्याचं कोडमधलं नाव) दोनदा येणार नाही हे पाहा, नाहीतर टॉवेलची रक्कम चादरीच्या रकान्यात पडेल.

दुरुस्तीनंतर तीन ओळी जोडा, मधली काढा, एकीचा दर बदला आणि बेरीज कॅल्क्युलेटरवर ताडून पाहा. मगच पेज गल्ल्यावर द्या.