हिवाळ्यात स्पितीला निघण्याआधी

बॅग भरायच्या आधी रजेचा अर्ज दुरुस्त करा. आठ दिवस टाकले असतील तर दहा टाका. मनालीकडून येणारी कुंझुम खिंड हिवाळ्यात बर्फाने बंद असते, त्यामुळे जायला-यायला शिमला-किन्नौरचा एकच रस्ता, आणि बर्फ पडला किंवा दरड आली की तोही अडतो. परतीचं विमान घट्ट वेळेचं काढलंत तर काझ्यात, म्हणजे स्पितीच्या मुख्य गावात, बसून फक्त आकाशाकडे बघाल. चढतानाही घाई नको. एक रात्र कल्प्याला, एक ताबोला (ते ३,३०० मीटरच्या आसपास), मग काझा. डोंगर लागण्यावरच्या (उंचीवरच्या विरळ हवेने होणाऱ्या त्रासावरच्या) गोळीचं घरच्या डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या. सोबतच्या कुणाचा पासपोर्ट परदेशी असेल तर त्याला इनर लाइन परमिट (सीमेलगतच्या भागात जायचा सरकारी परवाना) लागतं, आपल्याला नाही.

होमस्टेला फोन कराच. थंडीत बरीच ठिकाणं बंद असतात. बुखारी (खोली गरम ठेवणारी, धुराची नळी असलेली शेगडी) खोलीत आहे की फक्त बैठकीच्या खोलीत, हेही विचारा. रात्र कशी जाणार ते त्यावर ठरतं.

कपड्यांत एका जाड जाकिटापेक्षा थर महत्त्वाचे: थर्मल, लोकरी स्वेटर, वर वारा अडवणारं काहीतरी. जीन्स घरीच राहू दे. कानटोपी, हातमोजे, गॉगल, व्हॅसलीन हे सांगायला नकोच. बूट मात्र दुकानात दोन मोजे चढवून, चार फेऱ्या मारूनच घ्या. मी मापाचे घेतले होते. घट्ट बुटात रक्त फिरत नाही, पहिल्याच सकाळी अंगठे बधिर. वर मोजे बुखारीच्या नळीवर वाळत टाकले, तर एकाची टाच करपली. म्हणून मोजे चार जोड.

पाण्याचं गणित तिकडे निराळं. नळ गोठतात, म्हणून आंघोळीची आशा सोडा. संडासही कोरडा, वरून पाण्याऐवजी माती-राख टाकायची. त्याचं पुढे शेताला खत होतं. तेव्हा टिश्यू भरपूर घ्या, आणि ते खड्ड्यात टाकायचे की वेगळे ठेवायचे हे घरच्यांना विचारा. मोबाइल, पॉवर बँक आतल्या खिशात. थंडीत चार्ज भराभर उतरतो. रोख पैसे, नेहमीची औषधं, तिळाचे लाडू.

स्टीलची बाटली विसरू नका. झोपताना गरम पाणी भरून, झाकण घट्ट लावून, मोज्यात घालून पायाशी गोधडीत घ्यायची. उशाशी ठेवलीत तर सकाळी आत बर्फ खडखडेल.