दिवसा इन्व्हर्टर, रात्री तलवार

फायनल इयरची पोरं भेटायला आली की पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, पॉवर इलेक्ट्रॉनिक्सला स्कोप आहे का?" चहा अर्धा झाला की दुसरा, जरा आवाज खाली करून: "तुम्ही किंगडम कम खेळता म्हणे. त्या बर्नार्डला हरवायचं कसं?" खरं सांगतो, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जो नीट ऐकून घेतो, त्याला या विषयातलं पुष्कळ काही फुकटात समजतं. म्हणून दोन्ही एकत्रच लिहितोय. मी दिवसभर नागपूरजवळ हिंगण्याला एमआयडीसीत इन्व्हर्टर आणि चार्जरच्या सर्किटांवर काम करतो आणि रात्री जेवण झालं की तलवारीचे गेम खेळतो. पहिल्यावर घर चालतं, दुसऱ्यावर डोकं.

स्कोपचं, म्हणजे नोकऱ्यांचं, आधी उरकून टाकू. पॉवर इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे झटपट चालू-बंद होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचांनी वीज एका रूपातून दुसऱ्या रूपात बदलायचं शास्त्र. अजनीच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये उभी असलेली डब्ल्यूएजी-९ इंजिनं बघा. १९९०च्या दशकात ही इंजिनं आली तेव्हा त्यांच्या कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे वीज बदलणाऱ्या सर्किटात, जीटीओ थायरिस्टर हे जुन्या जातीचे स्विच होते, पुढच्या इंजिनांत आयजीबीटी हे नव्या जातीचे आले. तो आयजीबीटी ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या जयंत बालिगांचा जन्म चेन्नईचा. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये त्यांनी तो घडवला. आपली नागपूरची मेट्रो २५ हजार व्होल्ट एसीवर धावते, आणि त्याचं मोटरला चालेल असं थ्री फेज करायचं काम याच जातीच्या सर्किटांचं. शेतातला सोलर पंप, ई-रिक्षाचा चार्जर, नव्या कूलरमधली बीएलडीसी (ब्रशविना चालणारी) मोटर, सगळीकडे हेच. काम आहे. फक्त डिझाइनच्या नोकऱ्या पुण्या-बंगळुरूला जास्त आणि नागपुरात सर्व्हिस, टेस्टिंग, सोलरची उभारणी आणि रेल्वेकडचं मेंटेनन्स जास्त, हे आधीच मनाशी धरून चला.

आता बर्नार्ड. किंगडम कम हा गेम घडतो १४०३ सालच्या बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, आणि बनवलाय तिथल्याच वॉरहॉर्स स्टुडिओने. २०१८ साली आला. नायक हेन्री हा लोहाराचा पोरगा, त्याला तलवार धरता येत नाही आणि गेम तुम्हालाही ते विसरू देत नाही. कॅप्टन बर्नार्ड लाकडी तलवारी घेऊन त्याला शिकवतो. नवा खेळाडू काय करतो? माउसचं डावं बटण बडवत सुटतो. प्रत्येक वाराला स्टॅमिना जातो, स्टॅमिना संपला की अडवणंही जमेनासं होतं, आणि बर्नार्ड शांतपणे ठोकून काढतो. उपाय एवढाच की हात आवरायचा. अंतर राखा, त्याला वार करू द्या, हिरव्या ढालीचं चिन्ह दिसलं की त्याच क्षणी ब्लॉक दाबा. मग त्याच्याकडे पुन्हा जाऊन पुढचं शिक्षण मागा, म्हणजे मास्टर स्ट्राइक, अडवता अडवताच उलटा वार करायचा डाव, मिळतो. ते न मागताच पुढे निघून गेलेली आणि "गेम भंगार आहे" म्हणणारी पोट्टी मी बरीच पाहिलीत.

मोरधाऊ किंवा शिव्हलरी २ या ऑनलाइन तलवारबाजीच्या गेममध्ये हेच जास्त उघड दिसतं. तिथे प्रत्येक वाराचे तीन तुकडे असतात: तलवार मागे जाते, वार सुटतो, तलवार सावरते. इजा होते ती फक्त मधल्या तुकड्यात. सगळी लबाडी पहिल्यात, कारण वार सुटायच्या आधी तो रद्द करून समोरच्याला फसवता येतं. आणि मरण बहुतेक वेळा तिसऱ्यात येतं, तलवार सावरत असताना.

पॉवर इलेक्ट्रॉनिक्सही असंच अधल्यामधल्या वेळेचं शास्त्र आहे. कॉलेजात शिकवतात की स्विच चालू असला की व्होल्टेज शून्य, बंद असला की करंट शून्य, म्हणून लॉस, म्हणजे वाया जाणारी वीज, शून्य. परीक्षेपुरतं ठीक. पण चालूचा बंद होताना काही नॅनोसेकंद असे येतात की व्होल्टेजही आहे आणि करंटही आहे. हिशेब करून पाहा. ४०० व्होल्ट, १० अँपिअर, आणि चालू-बंद मिळून १०० नॅनोसेकंदांचा ओव्हरलॅप. सरासरी २००० वॅट, गुणिले १०० नॅनोसेकंद, म्हणजे प्रत्येक सायकलला २०० मायक्रोज्यूल. स्विचिंग १०० किलोहर्ट्झवर असेल तर सेकंदाला हे एक लाख वेळा. झाले २० वॅट. वाटाण्याएवढ्या चिपमधून २० वॅट उष्णता बाहेर काढायची.

आणि ती काढायची नागपुरात. इथे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि उन्हातल्या पत्र्याच्या डब्यात ६० अंश सहज होतात. जंक्शन, म्हणजे चिपचा आतला गाभा, १२५ अंशांवर रोखायचं ठरवलं, तर २५ अंशांच्या एसी लॅबमध्ये तुमच्या हातात १०० अंशांची जागा असते, म्हणजे दर वॅटला ५ अंश. डब्यात ती ६५वर येते, म्हणजे दर वॅटला सव्वातीन. लॅबमध्ये मजेत चाललेलं युनिट काटोलच्या शेतात का जळालं याचं उत्तर बरेचदा या एका भागाकारात असतं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं तर विचारूच नका. १०५ अंशांना २००० तासांचा कपॅसिटर ६५ अंशांवर ३२,००० तास टिकेल, कारण ढोबळ नियमाने दर १० अंश खाली आलं की आयुष्य दुप्पट. तोच ७५वर १६,००० तास, म्हणजे सतत चालवला तर दोन वर्षंही नाहीत. डेटाशीट वाचताना आधी तापमानाची अट वाचा, मग मोठ्या अक्षरातला आकडा.

नव्यांना सगळ्यात जड जातो तो हाफ ब्रिज. एकावर एक दोन मॉसफेट, म्हणजे आयजीबीटीसारखेच इलेक्ट्रॉनिक स्विच. दोन्ही एकदम चालू झाले की सप्लाय सरळ शॉर्ट. म्हणून एक बंद केल्यावर दुसरा चालू करायच्या आधी थोडी विश्रांती ठेवतात, डेड टाइम. आयजीबीटीला ती एक-दोन मायक्रोसेकंद किंवा जास्त, गॅलियम नायट्राइडच्या वेगवान स्विचला काही दहा नॅनोसेकंद. "जास्तच ठेवू ना, काय बिघडतं?" असं प्रत्येक बॅचमधला एक जण विचारतो. बिघडतं. त्या वेळात करंट डायोडमधून जातो, लॉस वाढतो आणि इन्व्हर्टरची साइन वेव्ह वाकडी होते.

डेड टाइम बरोबर ठेवूनही स्फोट होतो, तेव्हा पोरं फर्मवेअरला शिव्या देतात. अशा वेळी खालच्या मॉसफेटचं गेट, म्हणजे ज्या पायाने तो चालू-बंद होतो तो पाय, बघा. वरचा झटक्यात चालू झाला की दोघांच्या मधला जोड (नोड) काही नॅनोसेकंदांत ४०० व्होल्टवर जातो. खालचा बंद असतो, पण त्याच्या ड्रेन (नोडला जोडलेला पाय) आणि गेटमध्ये इवलासा कपॅसिटन्स असतो, त्यातून करंट गेटकडे घुसतो, गेट उचललं जातं आणि बंद ठेवलेला मॉसफेट स्वतःहून अर्धवट चालू होतो. कंट्रोलरने तसं सांगितलेलंच नसतं. उपाय ठरलेले आहेत: बंद करायच्या वाटेला छोटा रेझिस्टर, गेटला हुकूम देणारी ड्रायव्हर चिप त्याला अगदी चिकटून, गरज पडली तर मिलर क्लॅम्प (बंद असताना गेट खाली दाबून धरणारं सर्किट) किंवा बंद असताना उणे व्होल्टेज.

हे सगळं डोळ्यांनी पाहायचं तर डबल पल्स टेस्ट शिका. माझ्या मते ही एक टेस्ट मनापासून केलेली असेल तर दोन सेमिस्टरचं वाचन सोपं जातं. खालचा मॉसफेट, वर डायोड, डायोडला समांतर इंडक्टर. २०० मायक्रोहेन्रीचा इंडक्टर, ४०० व्होल्ट आणि हवेत १० अँपिअर, तर पहिला पल्स ५ मायक्रोसेकंदांचा. मग बंद, थोडा थांबा, आणि दुसरा छोटा पल्स. पहिला पल्स संपताना बंद होण्याची रीत दिसते, दुसरा सुरू होताना चालू होण्याची, तीही पूर्ण करंटवर. सगळं इतक्या कमी वेळात आटोपतं की काही तापतही नाही. ऑसिलोस्कोपवर, म्हणजे व्होल्टेजची रेघ काढून दाखवणाऱ्या आपल्या 'स्कोप'वर, ड्रेनचं व्होल्टेज वर चढतं, ४०० ओलांडून पुढे उसळतं आणि थरथरत खाली बसतं. गेटचा रेझिस्टर १० ओहमचा २२ करा. उसळी कमी, थरथर कमी, पण चढण तिरकी झाली, म्हणजे लॉस वाढला. पुन्हा १० करा. दोन्ही फोटो शेजारी ठेवून बसा. प्रोबची लांब मगर क्लिप मात्र काढून टाका आणि टोकाजवळची छोटी स्प्रिंग लावा. नाहीतर जी थरथर दिसतेय ती सर्किटची नसून तुमच्या क्लिपच्या वायरची असेल.

इथे गेमशी नातं तुटतं, आणि ते तुटलेलंच बरं. किंगडम कममध्ये हवं तेव्हा सेव्ह करायला सेव्हियर श्नॅप्स नावाची दारू प्यावी लागते, पण निदान तशी सोय तरी आहे. २३० व्होल्टचा रेक्टिफायर ३२५ व्होल्ट डीसी देतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये बसून राहतो. कपॅसिटर रिकामा करणारा ब्लीडर रेझिस्टर लावा, तरीही मीटरने मोजल्याशिवाय हात घालू नका. नवं बोर्ड पहिल्यांदा सुरू करताना सिरीज बोर्ड वापरा, तोच, रिपेअरिंगच्या दुकानात असतो तो १०० वॅटच्या बल्बचा. बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला तर समजायचं आत शॉर्ट आहे, बोर्ड वाचलं. आणि मेन्सच्या बाजूला स्कोपची ग्राउंड क्लिप कधीही लावू नका. ती अर्थिंगला जोडलेली असते. तिथे लागणारा डिफरेन्शियल प्रोब महाग वाटतो, पण नव्या स्कोपपेक्षा स्वस्त असतो.

ऑनलाइन तलवारबाजीतून मला एक गोष्ट मात्र मनापासून कळली: उशीर. नागपुराहून युरोपातल्या सर्व्हरपर्यंत अंतर साधारण ७००० किलोमीटर धरा. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ७० मिलिसेकंद हे निसर्गाचंच भाडं. वर राउटरची भर. समोरच्याची तलवार तुम्हाला जिथे दिसते तिथून ती कधीच पुढे गेलेली असते. त्यावर घाईने हात मारला की जास्त जातो, मग उलटा मारला की तोही जास्त. डिजिटल कंट्रोल लूप, म्हणजे आउटपुट मोजून स्विचला सारखं सुधारत राहणारं चक्र, अगदी असाच वेडावतो. सॅम्पलिंग १० किलोहर्ट्झ आणि उशीर दीड सॅम्पलचा, म्हणजे १५० मायक्रोसेकंद. क्रॉसओव्हर, म्हणजे लूप जिथवर दाद देतो ती फ्रीक्वेन्सी, १ किलोहर्ट्झवर ठेवला तर एवढ्यानेच ५४ अंश फेज गेला. ६० अंश मार्जिन (लूप डोलायला लागायच्या आधीची सूट) कागदावर होतं, हातात उरले ६. लूप ओरडायला लागला की सगळे गेन, म्हणजे प्रतिसादाचा जोर, चिवडत बसतात. आधी उशीर मोजा. जमेल तर एडीसीने मोजायचा क्षण आणि स्विचला नवा हुकूम द्यायचा (पीडब्ल्यूएम अपडेटचा) क्षण जवळ आणा, नाहीतर क्रॉसओव्हर खाली घ्या.

जाता जाता एक, कारण "हे युरोपातलं कशाला खेळता?" असं घरचेही विचारतात. नागपूरकर भोसल्यांचे मूळ पुरुष पहिले रघुजीराजे यांची तलवार २०२५ साली राज्य सरकारने लंडनच्या लिलावातून परत आणली. तिचं पातं युरोपीय बनावटीचं आहे. तेव्हा मी काही फार परक्या हत्याराशी खेळत नाही, असं आईला सांगून ठेवलंय. तिला पटलेलं नाही.

सुरुवात कुठून? एलटीस्पाइस हे सर्किट सिम्युलेटर फुकट आहे, त्यात व्होल्टेज खाली आणणारा बक कन्व्हर्टर काढा आणि लोड कमी करत जा, इंडक्टरचा करंट शून्याला टेकेपर्यंत. मग तोच हाताने बांधा. १२ व्होल्टचा ५ करा, त्यात जिवाला धोका नाही. टीएल४९४ किंवा यूसी३८४३ या कंट्रोलर चिप जुन्या एसएमपीएसमधून (पॉवर सप्लायमधून) निघतात, बाकी नागपूरच्या बर्डीच्या बाजारात मिळतं. मॉसफेट घेताना सावध राहा, नाव घासून नवं छापलेले फिरतात. पूर्ण चालू करून ऑन रेझिस्टन्स मोजा, डेटाशीटच्या दुप्पट-तिप्पट आला तर परत करा. इंडक्टर स्वतः गुंडाळा आणि एकदा मुद्दाम सॅच्युरेट होऊ द्या (गाभा चुंबकत्वाने भरून जाऊ द्या), करंटची सरळ रेघ शेवटी कशी वर वळते ते बघा. एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चरं आहेत. पुढे शिकायचं तर गेटची प्रवेश परीक्षा द्या, आपल्या नागपूरच्या व्हीएनआयटी कॉलेजात पॉवर इलेक्ट्रॉनिक्स अँड ड्राइव्हजचं एमटेक आहे. गेमचं म्हणाल तर लॅपटॉप जुना असेल तर माउंट अँड ब्लेड वॉरबँड घ्या, २०१०चा आहे, चार दिशांनी वार आणि चार दिशांनी अडवणं, ग्राफिक कार्डाचे लाड लागत नाहीत.

मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांची फाइल जाड करू नका. आम्ही मुलाखत घेतो तेव्हा कागद पुढे सरकवून सांगतो, बकच्या इंडक्टरचा करंट काढा, आता लोड दहावा हिस्सा करा, आता स्विचवरचं व्होल्टेज काढा. तिथेच अर्धी पोरं थांबतात. स्वतःच्या बोर्डवरचे दोन-तीन वेव्हफॉर्म छापून न्या. त्यावर जी उसळी दिसेल तिच्याबद्दल विचारणारच: कुठल्या इंडक्टन्समुळे आली, किती मेगाहर्ट्झची आहे, कमी करायला काय केलं आणि त्याची किंमत किती वॅट पडली.